लग्नाच्या खर्चाची जुनी वही



कार्तिकी पौर्णिमा झाली की आपल्याकडे लग्नांचं बोलणं सुरू होतं. मुहूर्त कधीचे, कार्यालय मिळतंय का, सोनं काय भावाने चाललंय, आणि मग आवाज जरा खाली आणून, एकूण किती लागतील? मुलीच्या लग्नासाठी पैसे कसे साठवावेत यावर लिहा, असं बऱ्याच जणी सांगत असतात. मी बी.कॉम. म्हणजे सरळ एखादा तक्ता देईन, दरमहा इतके टाका म्हणजे अमुक वर्षांनी इतके होतील, अशी त्यांची अपेक्षा. तक्ता पुढे येईलच. पण हा हिशेब आपल्या आज्या-पणज्यांनी कसा मांडला होता ते आधी पाहावं असं मला वाटलं. जे काही वाचलं आणि जुन्या बायकांकडून ऐकलं, ते सगळं मी दोन प्रश्नांच्या चाळणीतून घातलं. लग्नाला लागलेला पैसा लग्नाच्या आधी जमला की नंतर फेडला? आणि त्यातला मुलीबरोबर किती गेला, मांडवात किती विरला?

आपल्या आचार्यांना पैशाचं वावडं नव्हतं. सोमदेवसूरींचं नाव आपण यशस्तिलकचंपूमुळे ऐकलेलं असतं. राष्ट्रकूटांच्या काळात, त्यांचे सामंत असलेल्या वेमुलवाडच्या चालुक्यांच्या आश्रयाने त्यांनी ते काव्य इ. स. ९५९ मध्ये पुरं केलं. त्यांचा दुसरा ग्रंथ नीतिवाक्यामृत. त्यात पैशाचा नाश करणारी तीन माणसं सांगितली आहेत. हातात येईल ते पुढचा विचार न करता उडवतो तो तादात्विक. वाडवडिलांनी ठेवलेलं बसून खातो तो मूलहर. आणि स्वतःला व नोकरचाकरांना पीडा देऊन नुसतं साठवत राहतो तो कदर्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हे तिघे आहेत. मला त्यातला तिसरा फार विचार करायला लावतो. उधळ्याला सगळेच नावं ठेवतात. पण वीस वर्षं घरात दूध-फळं मोजून आणायची, मुलीच्या शिकवणीला नाही म्हणायचं आणि ते सगळं तिच्याच लग्नाच्या एका दिवसासाठी साठवायचं, याला आपण काटकसर म्हणून वाखाणतो. सोमदेवांच्या यादीत ते घर उधळ्याच्याच रांगेत बसतं.

बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्र लिहिलं आणि त्यावर स्वतःच टीका लिहिली. चांगल्या गृहस्थाचे पस्तीस गुण सांगताना न्यायाने मिळवलेलं धन हा पहिला आणि मिळकतीच्या मानाने खर्च हाही त्यातलाच. टीकेत मिळकतीची एक जुनी वाटणी येते. एक चतुर्थांश ठेव, एक चतुर्थांश व्यापारात, एक चतुर्थांशात धर्म आणि स्वतःचा उपभोग, आणि उरलेला चौथा भाग आपल्यावर अवलंबून असलेल्यांच्या पोषणासाठी. कॉलेजात बजेट शिकवलं तेव्हा कुणी हे सांगितलं असतं तर बरं झालं असतं. या चार खात्यांत लग्नाचं वेगळं पाचवं खातं नाही, हे लक्षात घ्या. मग लग्नाचा खर्च कुठल्या खात्यावर लिहायचा? माझ्या मते मुलीला जे द्यायचं ते चौथ्या खात्यावर, आणि जेवणावळ, मांडव, वाजंत्री हे तिसऱ्यातल्या उपभोगावर. तसं लिहिलं की उपभोगाचा रकाना केवढा फुगलाय ते लगेच दिसतं.

आता एकदम एकोणिसाव्या शतकात येऊ. तिथली एक गोष्ट आपल्या समाजात फारशी बोलली जात नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, आताच्या बारामती तालुक्यात, बाजारच्या दिवशी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर गेला. त्यांना हव्या होत्या वह्या आणि कर्जरोखे. मिळाले ते त्यांनी जाळले. माणसांना फार कमी ठिकाणी इजा झाली. हे लोण पुढे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. ते सावकार बहुतेक मारवाडी आणि गुजराती होते, आणि त्यांत आपले जैनही पुष्कळ होते. जळालेल्या वह्यांतल्या काही आपल्याच लोकांच्या हातच्या होत्या.

त्यामागचं कारण मोठं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला भाव आला, सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिलं. युद्ध संपलं, भाव कोसळला, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्याचा अहवाल १८७६ मध्ये झाला. तोपर्यंत साहेब लोकांपासून आपल्या शेटजींपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की शेतकरी लग्नात पैसा उधळतो म्हणून बुडतो. आयोगाने हिशेब तपासले आणि म्हटलं, की लग्नखर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. ऐपतीच्या मानाने रक्कम मोठी असते हे खरं, पण लग्नं रोज होत नाहीत. दरवर्षी लागतं ते बी-बियाणं, बैल, पोटाला धान्य, सरकारचा सारा आणि मागच्या बाकीवरचं व्याज. महात्मा फुल्यांनीही १८८३ च्या शेतकऱ्याचा असूड मध्ये हा उधळपट्टीचा आरोप खोडून काढला आणि शेतकऱ्याचं लग्न किती गरिबीत होतं ते दाखवलं.

मी हे वाचलं तेव्हा कागद-पेन्सिल घेऊन बसले. समजा एकाने मुलीच्या लग्नाला शंभर रुपये काढले, व्याज दरमहा शेकडा दोन. वर्षअखेर फिटलं नाही, व्याज मुदलात मिळवून नवा रोखा केला. पहिल्या वर्षी १२४, दुसऱ्या वर्षी जवळजवळ १५४, तिसऱ्या वर्षी १९० च्या वर. मुलगी सासरी जाऊन रुळेपर्यंत एका लग्नाची जवळजवळ दोन लग्नं झाली. जेवणाची पानं तेवढीच उठली होती. फरक एवढाच, की पैसा लग्नानंतर फेडायचा होता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ मुद्दल किती होतं हे पाहण्याचा अधिकार दिला. आज लग्नासाठी वैयक्तिक कर्ज काढणाऱ्यांना मी एवढंच विचारते, की हप्ता संपेल तेव्हा लग्नाला किती वर्षं झालेली असतील?

पण मग ज्यांच्याजवळ साठा नव्हता आणि ज्यांनी कर्जही काढलं नाही, त्यांची लग्नं कशी झाली? याचं उत्तर आहेराच्या वहीत आहे. तुमच्या माहेरी किंवा सासरी जुन्या ट्रंकेत अशी वही असेल तर ती फेकू नका. लांबट, पुठ्ठ्याची, वर श्री आणि महावीर प्रसन्न लिहिलेली. आत नुसती नावं आणि आकडे. कुणाचे दोन रुपये, कुणाचे पाच, कुणाचं लुगडं-खण, कुणाची कळशी, कुणी पायली दोन पायली गहू. बाहेरच्याला वाटेल ही भेटींची यादी. तसं नव्हतं. त्या घरी लग्न निघालं की आधी ही वही काढायची, त्यांनी आपल्याला काय केलं होतं ते पाहायचं आणि तेवढंच किंवा वर थोडं घालून करायचं. हिशेबाच्या भाषेत आहेर हे उत्पन्न नव्हतंच. ते बिनव्याजी देणं होतं, मुदत न ठरवलेलं. शंभर घरांनी मिळून चालवलेली भिशीच म्हणा ना, जिच्या घरी लग्न तिची त्या वेळी पाळी. रोखा नाही, तारण नाही, आणि बुडवणारा जवळजवळ कुणी नाही, कारण वही सगळ्यांकडे होती!

दुसरी भिशी श्रमाची. पापड, शेवया, सांडगे, लाडू हे लग्नाच्या आधी महिनाभर गल्लीतल्या बायकांच्या हातून व्हायचं. दळण जात्यावर. मांडवाची मेढ, डहाळ्या शेतातून. पाहुणे उतरायला शेजाऱ्यांची सोपे-माड्या. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात बस्तीची मोठी भांडी लग्नाला मिळत, घासून परत करायची. पंगत दिवसाउजेडी उठवायची, कारण रात्रीभोजनाचा त्याग. दिव्याबत्तीचा, रोषणाईचा खर्चच नाही. कंदमूळ नाही, त्यामुळे भाज्या ठरलेल्या. नियम धर्माचे होते पण खर्चालाही ते आपोआप आवर घालत. (आज रात्री अकरापर्यंत स्वागत समारंभ चालतो आणि कोपऱ्यात ‘जैन काउंटर’ची पाटी असते. आपल्याच लग्नात आपल्यासाठी कोपरा! असो.)

या सगळ्या मदतीचे पैसे कधी कुठे लिहिले गेले नाहीत, म्हणून जुनं लग्न वहीत स्वस्त दिसतं. आमच्या वेळी एवढ्या पैशात लग्न झालं, असं आपण सुनांना सांगतो तेव्हा शंभर बायकांच्या हातांची मजुरी त्यात धरलेली नसते. ते हात आता कचेऱ्यांत, शाळांत, दवाखान्यांत कामाला गेले, ते चांगलंच झालं. त्यांची जागा केटररने घेतली आणि जे काम फिटंफाट होत होतं त्याचं बिल यायला लागलं. त्यातच पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ आलं. भावना चांगली, मीही छापलंय. पण त्या एका ओळीने शंभर घरांची भिशी बंद झाली आणि सगळा भार एका घराच्या पासबुकावर आला. आजच्या आईला लग्नासाठी एवढी वर्षं एकटीने साठवावं लागतं त्याचं मोठं कारण मला हेच वाटतं. हौस वाढली हे खरं आहे, पण ते नंतर.

सुधारणेच्या चळवळीने या खर्चाकडे लक्ष दिलं ते विसाव्या शतकाच्या तोंडावर. १८९९ मध्ये स्तवनिधीला दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली, तीच आजची दक्षिण भारत जैन सभा. उत्तरेत दिगंबर महासभा होती, १९०२ पासून श्वेतांबर परिषद भरू लागली. त्या काळच्या जैन परिषदांच्या ठरावांत तेच तेच शब्द येत राहतात. बालविवाह, वृद्धविवाह, कन्याविक्रय, व्यर्थव्यय. कन्याविक्रय वाचून तरुण मुली चकित होतात. पण तेव्हा पुष्कळ घरांत मुलीकडच्यांनीच पैसे घ्यायची चाल होती, त्याला देज म्हणत. मुलगा शिकला, नोकरीला लागला तसा पैशाचा ओघ उलटा फिरला आणि देजाच्या जागी हुंडा आला. दोन्हींत मुलीच्या हाती काही पडत नव्हतं.

सभेच्या कार्यकर्त्यांत अण्णासाहेब लठ्ठे होते. कुरुंदवाडचे. कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री. दारूबंदीमुळे सरकारचं उत्पन्न घटणार हे माहीत असूनही त्यांनी अंदाजपत्रक मांडलं आणि तूट भरायला शहरातल्या मालमत्तेवर कर बसवला. खर्च ठरवायच्या आधी पैसा कुठून येणार हे सांगणारा अर्थमंत्री आपल्यातला होता, याचा मला उगाच अभिमान वाटतो.

याच काळातल्या मगनबाईंची आठवण इथे काढायला हवी. मुंबईचे मोत्यांचे मोठे व्यापारी दानवीर माणिकचंद हिराचंद झवेरी यांची ही मुलगी. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगसह कितीतरी वसतिगृहं ज्यांच्या पैशावर उभी राहिली ते माणिकचंद. मोत्याच्या व्यापाऱ्याच्या मुलीला लग्नात काय कमी पडलं असेल? पण ती ऐन तारुण्यात विधवा झाली. तेव्हा वडिलांनी तिला शिकवलं. तिने पुढे मुंबईत श्राविकाश्रम चालवला आणि तिच्यासारख्या किती जणींना तिथे आसरा आणि अक्षरं मिळाली. मी कधी कधी विचार करते, की माणिकचंदांनी मुलीवर दोनदा खर्च केला, एकदा लग्नात आणि एकदा शिक्षणात. त्यातला कुठला तिला पुरला हे सांगायला नको.

आता पैसा साठवायला जो वेळ लागतो त्याकडे वळते, कारण तो आपल्याला कायद्याने मिळवून दिला. मुलगी आठ-दहा वर्षांची असताना लग्न, तर बापाच्या हाती साठवायला आठ-दहाच वर्षं. त्यात धाकट्या दोघी असल्या तर एकाच मांडवात तिघींना उजवायचं, तेवढीच बचत. हरबिलास सारडांचा कायदा १९२९ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलीचं वय किमान १४, मुलाचं १८. त्या तारखेच्या आधी देशभर बालविवाहांची झुंबड उडाली होती. पुढे १९४९ मध्ये मुलीचं वय १५ झालं, १९७८ मध्ये १८. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुलींचं आरोग्य होतं. पण हिशेबनीसाच्या नजरेने पाहा. चक्रवाढ व्याजाला वर्षं लागतात, आणि बापाच्या बचतीला या दुरुस्त्यांनी दहा वर्षांची जोड दिली. त्याच वर्षांत मुलीला शाळाही मिळाली. पैसा आणि शाळा एकाच वेळी वाढत होत्या. कुठल्या घराने त्या पैशातून शाळेची फी भरली आणि कुठल्या घराने पाटल्या केल्या, त्यावर पुढची पिढी ठरली.

पाटल्यांना मी हसत नाही. सोनं हीच बायकांची बँक होती. टपाल खात्याची बचत बँक १८८२ मध्ये सुरू झाली, पण खेड्यातली बाई तिथे कधी जाणार? तिचं पासबुक म्हणजे बोरमाळ, गोठ, ठुशी. (एक लक्षात ठेवा, आजीचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता, आपल्या सराफाचा तोळा १० ग्रॅमचा. ‘आजीचं दहा तोळे’ म्हणजे आजचे साडेअकरा तोळ्यांहून जास्त.) जागतिक मंदीत शेतमालाचे भाव निम्म्यावर आले. सप्टेंबर १९३१ मध्ये इंग्लंडने सुवर्णमान सोडलं आणि रुपयात सोन्याचा भाव चढला. सारा आणि कर्ज भागवायला घरोघरचं सोनं बाहेर निघालं, मुंबईच्या बंदरातून जहाजं भरभरून गेलं. त्यात किती जणींच्या लग्नातले दागिने असतील! त्या वर्षांत घरं तगली ती त्या सोन्यावर. जेवणावळ आणि वाजंत्री मोडून कुणाला सारा भरता आला नाही. पण ते सोनं बायकांचं होतं आणि एकाही वहीत ते ‘घराने घेतलेलं कर्ज’ म्हणून लिहिलेलं मला दिसलेलं नाही. हवाला न देता घेतलं, आणि परत करायचं कुणाला सुचलं नाही.

स्वखुशीने दिलेल्या सोन्याची गोष्ट निराळी, आणि ती आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. रयत शिक्षण संस्था १९१९ ची. साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवत. पैसे संपले की लक्ष्मीबाई एकेक दागिना देत गेल्या, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. १९३० मध्ये त्या गेल्या. माहेरच्यांनी लग्नात घातलेल्या सोन्याची नोंद कुठल्या खात्यावर करायची, असा प्रश्न त्यांना कधी पडला असेल असं वाटत नाही. आपण अपरिग्रहाणुव्रत पाठ म्हणतो, त्याचा अर्थ मला त्यांच्याकडे पाहून जास्त कळतो.

स्वातंत्र्याच्या आगेमागे सरकारही लग्नघरात शिरलं. मे १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. पुढे साठच्या दशकातल्या टंचाईत लग्नातल्या पानांच्या संख्येवर बंधनं आली, साखरेसाठी पत्रिका जोडून अर्ज करावा लागे. पानसुपारी आणि सरबतावर लग्नं उरकली. १९६२ च्या युद्धात बायकांनी संरक्षण निधीला दागिने दिले, आणि जानेवारी १९६३ मध्ये मोरारजी देसाईंच्या काळात सुवर्णनियंत्रण आलं. १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिना घडवायचा नाही! कितीतरी सोनारांची चूल विझली. १९६६ मध्ये ती अट गेली, पण १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत राहिला. त्याने सोन्याची हौस कमी झाली का? आईने वर्षाला एक वळं करून डब्यात ठेवायची पद्धत त्याही काळात चालूच होती.

तिचा अंदाज चुकला का? सत्तर ते ऐंशी या दशकात नाही. १९७० ला १० ग्रॅमचा भाव दोनशेच्या आत होता, १९८० ला तेराशेच्या आसपास. पण पुढच्या वीस वर्षांत, २००० पर्यंत, तो साडेचार हजारांच्याही आतच राहिला. १९९६ नंतर तर काही वर्षं उतरलाच. १९८८ मध्ये आलेलं किसान विकास पत्र तेव्हा साडेपाच वर्षांत दुप्पट देत होतं, म्हणजे वर्षाला तेरा टक्क्यांच्या वर. सोनं कायम चढतंच असं ज्यांना वाटतं त्यांनी ही वीस वर्षं आठवावीत. म्हणून एकाच टोपलीत सगळं घालू नका, असं मी माझ्या भाचीला सांगते.

तक्ता मागणाऱ्यांसाठी आता एक उदाहरण. सुकन्या समृद्धी योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत खातं काढायचं, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी मुदत पुरी. दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला १२,००० रुपये भरले आणि व्याज ८.२ टक्के कायम राहिलं असं धरलं, तर भरलेले १,८०,००० होतात आणि हाती साधारण पावणेसहा लाख येतात. व्याजदर सरकार दर तिमाहीला ठरवतं, म्हणून आकडा कमीजास्त होईल. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, लग्न ठरलं तर खातं मुदतीआधी बंद करता येतं. मला या योजनेतली व्याजापेक्षा आवडणारी गोष्ट म्हणजे खातं मुलीच्या नावाचं असतं. पैसे मिळतात ते तिला. त्यातले किती मांडवाला द्यायचे हे मग तिला विचारूनच ठरवावं लागेल.

मांडव लहान होऊ शकतो हे आपण नुकतंच पाहिलंय. २०२० मध्ये पन्नास माणसांची मर्यादा आली, एप्रिल २०२१ मध्ये आपल्या राज्यात पंचवीस माणसं आणि दोन तास, मोडलं तर पन्नास हजार दंड. त्या दोन वर्षांत झालेल्या लग्नांतल्या मुली आपल्या ओळखीत आहेत. नांदतायत. बंधनं उठल्यावर मात्र हळद, मेंदी, संगीत असा एकेक दिवस वाढत गेला.

शेवटी परत वहीकडेच येते, कारण कायद्यालाही वही हवी आहे आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. १९८५ च्या नियमांप्रमाणे लग्नात न मागता मिळालेल्या भेटींची लेखी यादी करायची असते. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातेवाईक असेल तर नातं, आणि खाली नवरा-नवरी दोघांच्या सह्या. नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीने ठेवायची, नवऱ्याला मिळालेल्यांची नवऱ्याने. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्त्रीधन हे पत्नीचंच असतं, सासरच्यांकडे असलं तरी ते विश्वासाने ठेवलेलं. लग्नाच्या गडबडीत ही यादी राहून जाते. मेंदीच्या आदल्या दिवशी घरातल्या एखाद्या मोत्यासारख्या अक्षराच्या मुलीला शंभर पानी वही आणि पेन द्या, चार रकाने आखून ठेवा. सराफाच्या पावत्या त्याच वहीला टाचा, त्यावर मुलीचं नाव घालून घ्या, आणि सगळ्याचे फोटो काढून तिच्या मोबाइलवर पाठवा. मूळ वही तिच्या बॅगेत.